यंत्र आपले, हुकूम कुणाचा?

(मराठी भाषक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कामगार संघटनेच्या कचेरीचे काम पाहणाऱ्या एका साथीने केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर आहे. — संपादक)

अध्यक्ष कॉम्रेड आणि साथींनो,

गेले दोन दिवस या अभ्यासवर्गात मोठमोठ्या प्रश्नांची चर्चा झाली. त्या मानाने माझा विषय अगदी लहान, कचेरीतल्या टेबलाएवढाच आहे. लॅपटॉपवर मुळात असलेली ऑपरेटिंग सिस्टीम काढून तिच्या जागी दुसरी, मुक्त अशी ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची कशी आणि ती रोजच्या कामाला लावायची कशी, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी संगणकाचा अभियंता नाही. सभासदांच्या नोंदी ठेवणे, निवेदने टाइप करणे, कामगार न्यायालयातल्या तारखा सांभाळणे हे माझे काम. तेव्हा जे सांगेन ते करून पाहिलेले, चुका करून शिकलेले असे आहे.

आमच्या कचेरीत तीन लॅपटॉप आहेत. तिन्ही दहा-अकरा वर्षांपूर्वी सभासदांच्या वर्गणीतून घेतलेले. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर त्यांतला एक फारच मंद चालू लागला म्हणून मी तो दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. "यावर नवे विंडोज चढत नाही, जुन्याची मुदत संपली. तिन्ही भंगारात काढा आणि नवे घ्या," असा सल्ला त्याने दिला. नव्या तीन लॅपटॉपांचा हिशेब सव्वा लाखाच्या आसपास गेला. मी तो हिशेब कार्यकारिणीपुढे ठेवला, तेव्हा आमच्या कोषाध्यक्ष बाईंनी एकच प्रश्न विचारला: "लॅपटॉप चालू होतो ना? मग तो मेला कसा?"

त्या दिवशी मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

मुदत कुणी ठरवली?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये बाजारात आणली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित पाठिंबा थांबवला. पाठिंबा थांबवला याचा अर्थ असा की, त्या प्रणालीत यापुढे सापडणारी सुरक्षेची भगदाडे कंपनी नेहमीच्या रीतीने बुजवणार नाही. पैसे भरून किंवा कंपनीकडे खाते जोडून घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची मुदतवाढ देऊ करण्यात आली; तिची अखेर १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी मात्र कंपनीने यंत्राविषयीच्या अटी कडक केल्या. टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था यंत्रात हवी आणि प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत स्थूलमानाने २०१७ नंतरच्या पिढ्याच या यादीत बसतात. त्यामुळे ज्यांचा पडदा, कळफलक, प्रोसेसर सारे काही धडधाकट आहे अशी असंख्य यंत्रे एका तारखेला 'जुनी' ठरली. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता की, या निर्णयामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात.

हा कचरा जातो कुठे, हे दिल्लीतील साथींना सांगावयास नको. सीलमपूरच्या गल्ल्यांतून हातमोजे न घालता सर्किट फोडणारे, तारा जाळून तांबे काढणारे, तेजाबात पट्ट्या बुडवणारे हात कुणाचे आहेत, हे त्यांनी पाहिलेले आहे. यंत्राची मुदत एका ठिकाणी ठरते, वर्गणी दुसऱ्याच्या खिशातून जाते आणि धूर तिसऱ्याच्या छातीत जातो.

आता कोषाध्यक्ष बाईंच्या प्रश्नाकडे वळू. लॅपटॉप म्हणजे दोन वस्तूंची जोडी असते. एक, हाताला लागणारे यंत्र. दुसरी, त्या यंत्राला कामाला लावणारी प्रणाली. कळ दाबली की अक्षर पडद्यावर उमटवणे, फाइल डिस्कवर नेमक्या जागी ठेवणे, प्रिंटरला कागद ओढावयास सांगणे, एकाच वेळी चाललेल्या चार कामांत प्रोसेसरचा वेळ वाटून देणे, हे सारे ऑपरेटिंग सिस्टीम करते. कारखान्याची उपमा द्यायची तर ती मुकादम आहे. यंत्र आपण विकत घेतले. पण मुकादम आपला नव्हे. त्याचा आपल्याला फक्त वापर-परवाना मिळतो. तो आत काय करतो ते पाहण्याचा, त्यात बदल करण्याचा, दुसऱ्याला त्याची प्रत देण्याचा अधिकार त्या परवान्यात नसतो. आमचा लॅपटॉप मेला नव्हता. त्याच्या मुकादमाने काम सोडले होते. दुसरा मुकादम नेमता येतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते इतकेच.

एका प्रिंटरची गोष्ट

हा दुसरा मुकादम आला कुठून? त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण इतिहासावाचून नुसती कळ दाबण्याची कृती म्हणजे आंधळेपणाने केलेली नक्कल होते.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीने दिलेला एक नवा लेझर प्रिंटर होता. त्यात कागद वारंवार अडकत असे. तेथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या बाबतीत त्याच्या प्रणालीची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला वाचता येण्याजोगा मजकूर, बदलून कागद अडकला की संबंधितांना पडद्यावर सूचना मिळेल अशी सोय केली होती. नव्या प्रिंटरची संहिता मात्र मिळेना. ती ज्याच्यापाशी होती त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाने ती कुणालाही न देण्याचा करार केलेला होता. शेजाऱ्याला मदत करणे हा करारभंग ठरतो, ही गोष्ट स्टॉलमन यांना डाचली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू या नावाने संपूर्ण मुक्त प्रणाली तयार करण्याचा संकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली आणि १९८९ मध्ये ग्नू जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना सिद्ध केला.

या परवान्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. प्रणाली कोणत्याही कामासाठी चालवणे, तिची संहिता वाचून हवा तसा बदल करणे, तिच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे, या चार मोकळिका तो देतो. त्याबरोबर एक अट घालतो: जो ही संहिता घेऊन पुढे वाटेल, त्याने आपले बदलही त्याच अटींवर खुले ठेवले पाहिजेत. सामाईक विहिरीचे पाणी प्रत्येकाने भरावे, विहिरीला कुंपण मात्र कुणी घालू नये, असा हा दंडक आहे.

ग्नूचे पुष्कळ भाग तयार झाले, परंतु यंत्राशी थेट बोलणारा गाभा अपुरा होता. तो फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याच्याकडून आला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने आपण एक लहानशी प्रणाली हौसेखातर लिहीत असल्याचे जाहीर केले आणि १९९२ मध्ये ती ग्नूच्याच परवान्याखाली खुली केली. हीच लिनक्स. आज जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. म्हणजे ज्यांनी आजवर लिनक्सचे नाव ऐकले नसेल, तेही ती रोज वापरत आले आहेत.

भाबडेपणा नको

येथे एक इशारा दिला पाहिजे. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे समाजवाद अवतरला, असे मानणारे काही उत्साही तरुण मला भेटतात. तसे मुळीच नाही. लिनक्सच्या गाभ्यात आज होणाऱ्या बदलांपैकी बहुतांश बदल मोठमोठ्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. मायक्रोसॉफ्टच्या तत्कालीन प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती; तीच कंपनी २०१६ मध्ये लिनक्स फाउंडेशनची सभासद झाली. लिनक्सवर व्यवसाय करणारी रेड हॅट ही कंपनी आयबीएमने ३,४०० कोटी डॉलर मोजून घेतली व हा व्यवहार २०१९ मध्ये पुरा झाला. सामाईक विहिरीवर मोठे बागाइतदारही पंप लावतात, हे आपण विसरता कामा नये. परंतु त्यांनी पंप लावला म्हणून गरिबाची घागर बंद होत नाही, हे त्या परवान्याचे सामर्थ्य आहे. आपल्याला हवी आहे ती घागर.

माझी चूक

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो, आणि आरंभ माझ्या चुकीपासून करतो.

कार्यकारिणीने परवानगी दिल्यावर मी एका रात्री उत्साहाच्या भरात एकटाच बसलो. पेन ड्राइव्ह तयार केला, लॅपटॉपला लावला, आणि पडद्यावर जो प्रश्न आला त्यातला 'डिस्क पूर्ण पुसून बसवा' हा पर्याय निवडला. तासाभरात नवी प्रणाली उभी राहिली. मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आले की, न्यायालयीन दाव्यांच्या टिपणांचा चार वर्षांचा फोल्डर त्याच डिस्कवर होता आणि त्याची प्रत कुठेही नव्हती. माझी समजूत अशी की ती दुसऱ्या लॅपटॉपवर आहे. दुसऱ्या साथीची समजूत अशी की ती मी काढून ठेवली आहे.

त्याच आठवड्यात एका दिवंगत सफाई कामगाराच्या पत्नीच्या ग्रॅच्युइटीच्या दाव्याची तारीख होती. ती त्या फोल्डरमध्ये लिहिलेली होती, म्हणजे आता कुठेच नव्हती. तारीख चुकली नाही, ती माझ्या हुशारीमुळे नव्हे. त्या बाई आदल्या दिवशी पदराच्या गाठीत बांधलेली चिठ्ठी घेऊन कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "दादा, उद्या किती वाजता निघायचं?" मला त्यांच्याकडे पाहवेना. पुढचे तीन रविवार दोघा साथींनी माझ्याबरोबर बसून छापील कागदांवरून ती टिपणे पुन्हा उभी केली. काही टिपणे परत मिळालीच नाहीत.

ही कथा सांगण्याचा हेतू पश्चात्ताप दाखवणे हा नाही. ज्या कागदांवर कुणाची तरी भाकर अवलंबून आहे ते कागद आपल्या ताब्यात असतात, ही जाणीव हे काम करताना पहिल्या क्षणापासून असली पाहिजे. म्हणून मी आता ज्या पायऱ्या सांगणार आहे त्यांत पहिली पायरी ओलांडून दुसरीकडे जाण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पायऱ्या

पहिली पायरी: सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. एक नव्हे, दोन प्रती, दोन निरनिराळ्या जागी. त्यानंतर त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. उघडली नाही ती प्रत, प्रत नव्हे. हे काम दोघांनी मिळून करावे आणि वहीत तारीख घालून दोघांनी सही करावी.

दुसरी पायरी: कोणती लिनक्स घ्यावी? लिनक्सच्या गाभ्याभोवती निरनिराळ्या गटांनी बांधलेले पुष्कळ संच आहेत. १९९३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेला डेबियन, त्यावर आधारलेला उबुंटू आणि उबुंटूवर आधारलेला लिनक्स मिंट हे त्यांतले प्रमुख. विंडोजची सवय असलेल्या माणसाला मिंट सर्वांत ओळखीचा वाटतो. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात यादी, अशी त्याची मांडणी आहे. जुन्या यंत्रासाठी त्याची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी; ४ जीबी मेमरीवर ती समाधानकारक चालते. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळणार आहेत.

तिसरी पायरी: त्या संचाच्या अधिकृत ठिकाणावरूनच सुमारे तीन जीबीची फाइल उतरवून घ्या. तिच्यासोबत चौसष्ट अक्षरांची एक खूण दिलेली असते. आपल्या फाइलीची खूण काढून ती तिच्याशी जुळते की नाही ते पाहा. जुळली तर फाइल वाटेत बिघडलेली नाही असे समजावे. मग रुफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. नुसती कॉपी करून चालत नाही आणि पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते, हेही ध्यानात ठेवा.

चौथी पायरी: लॅपटॉप बंद करून पेन ड्राइव्ह लावा आणि चालू करताना एफ-१२, एफ-२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून पेन ड्राइव्हवरून सुरू करण्याचा पर्याय निवडा. आता नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालू होईल, डिस्कला हातही न लावता. ही फार मोठी सोय आहे. घर विकत घेण्यापूर्वी त्यात राहून पाहण्यासारखे हे आहे. येथे घाई करू नका. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर, पडद्याचा उजेड, सारे तपासा. काही जुन्या यंत्रांतली वाय-फायची चिप प्रथम ओळखली जात नाही. तशा वेळी फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरावे व हवा तो ड्रायव्हर उतरवून घ्यावा.

पाचवी पायरी: बसवणे. येथे दोन मार्ग आहेत. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवता येते. मग दर वेळी चालू करताना कोणती प्रणाली हवी ते विचारले जाते. तसे करायचे असल्यास आधी विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, आणि डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची किल्ली कागदावर लिहून घ्या. दोन्ही प्रणालींच्या घड्याळांत साडेपाच तासांचा फरक पडलेला दिसला तर घाबरू नका. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ धरते, विंडोज स्थानिक वेळ धरते, एवढेच त्याचे कारण आहे व एका आज्ञेने ते दुरुस्त होते. दुसरा मार्ग डिस्क पूर्ण पुसण्याचा. तो पहिल्या पायरीची वहीतली सही पाहिल्यावाचून घेऊ नये.

सहावी पायरी: बसवून झाल्यावर प्रथम सर्व सुधारणा उतरवून घ्या आणि पुढे दर आठवड्याला हे करा. लिनक्सला व्हायरस लागतच नाही, ही अफवा आहे. धोका कमी आहे, नाहीसा झालेला नाही. आणि पैसे खर्च करायचेच असतील तर नव्या लॅपटॉपवर करण्याऐवजी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी घालण्यावर करा. आमच्या तीन यंत्रांपैकी दोन त्यामुळे अक्षरशः तरुण झाली.

आपली भाषा

मराठीतून काम करणाऱ्यांची खरी अडचण यापुढे सुरू होते. आपली वर्षानुवर्षांची पत्रके, ठराव, पुस्तिका श्री-लिपी, आकृती अशा जुन्या टंकांत आहेत. त्या फाइलींत देवनागरी अक्षरे साठवलेली नसतातच. रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी चित्रे चढवलेली असतात. तो टंक नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. हा दोष लिनक्सचा नव्हे. विंडोजच्या दुसऱ्या यंत्रावरही हेच होते. उपाय एकच, तो म्हणजे यूनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या टंकातून यूनिकोडमध्ये मजकूर बदलून देणारी साधने आहेत, पण रफार, जोडाक्षरे आणि 'ऱ्या' यांत ती चुका करतात. तेव्हा बदललेला मजकूर डोळ्यांखालून घातल्यावाचून वापरू नये. पेजमेकरमधल्या जुन्या फाइलींचेही असेच आहे. त्या प्रणालीची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ मधली. जे महत्त्वाचे आहे ते तिच्यातून आजच बाहेर काढले पाहिजे, मग कोणतीही प्रणाली वापरा.

टाइप करण्यासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकावा, असा माझा आग्रह आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाण ठरवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने अशी त्याची शिस्तबद्ध मांडणी आहे. ज्या कळेवर मराठीचा 'क' त्याच कळेवर कानडीचा, तेलुगूचा, गुजरातीचा 'क'. येथे बेळगावचे, हैदराबादचे, बडोद्याचे साथी बसले आहेत. त्यांना मराठीत पत्र लिहून त्याच हाताने तिथल्या भाषेत पत्रक लिहिता येईल. लिनक्समध्ये हा कळफलक मूळचाच असतो, फक्त तो निवडावा लागतो. पत्रलेखन आणि हिशेब यांसाठी लिबरऑफिस आहे, आणि त्याच्या याद्या, सूचना मराठीतूनही मिळतात. मराठीत ते आणण्याचे काम कुणा कंपनीच्या बाजारपेठेची वाट पाहत बसले नाही. भाषेवर प्रेम असणाऱ्यांनी शब्दाशब्दाने भाषांतर करून ते केले. आपल्यापैकी ज्याचे मराठी चांगले आहे त्याला त्या कामात आजही जागा आहे.

केरळ आणि म्युनिक

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही गोष्ट एकट्यादुकट्याने करण्याची नव्हे. त्यासाठी दोन उदाहरणे देतो.

केरळात शाळांतून माहिती तंत्रज्ञान हा विषय या शतकाच्या आरंभी आला, तेव्हा अभ्यासक्रम एका कंपनीच्या प्रणालीभोवती बांधलेला होता. शिक्षक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी त्याला आक्षेप घेतला. त्यानंतरच्या वर्षांत तेथील सरकारी शाळा टप्प्याटप्प्याने लिनक्सवर गेल्या. हे काम करणाऱ्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाचे २०१७ मध्ये 'काइट' या संस्थेत रूपांतर झाले. काइटने शाळांसाठी स्वतःचा लिनक्स संच तयार केला. दोन लाख संगणकांवर परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचले, असा हिशेब त्या संस्थेने २०१९ मध्ये मांडला. परंतु रुपयांपेक्षा मोठी गोष्ट अशी की, तेथे आधी शिक्षक शिकले. शिक्षकांतूनच प्रशिक्षक तयार झाले आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' या मंडळांतून विद्यार्थीच शाळेतली यंत्रे सांभाळण्यास मदत करू लागले.

दुसरे उदाहरण जर्मनीतील म्युनिक नगरपालिकेचे. २००३ मध्ये तिने लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. तो फिरवावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्वतः तेथे जाऊन आले, तरी नगरपालिका डगमगली नाही. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार यंत्रे लिनक्सवर गेली. आणि तरीही २०१७ मध्ये नगरसभेने परत विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. का? राजकीय नेतृत्व बदलले हे एक कारण. पण इतर सरकारी खात्यांशी होणाऱ्या फाइलींच्या देवघेवीतील अडचणी, निरनिराळ्या विभागांत विखुरलेली व्यवस्था आणि कर्मचाऱ्यांच्या साठत गेलेल्या तक्रारी हीही कारणे होती. यंत्रावरची प्रणाली बदलली; माणसे त्या बदलाची मालक झाली नाहीत. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ मध्ये ३०,००० यंत्रे मुक्त सॉफ्टवेअरवर नेण्याचे जाहीर केले आहे. म्हणजे प्रश्न मिटलेला नाही, चाललेला आहे.

आमच्या कचेरीत तेच घडता घडता राहिले. मी प्रणाली बसवली आणि आमच्या ज्येष्ठ कार्यालय-सचिवांना म्हणालो, "घ्या कॉम्रेड, झाले." ते दोन दिवस गप्प राहिले आणि तिसऱ्या दिवशी हाताने पत्रे लिहू लागले. त्यांना मी विचारलेच नव्हते. नंतर आम्ही रोज संध्याकाळी अर्धा तास एकत्र बसू लागलो. ज्या गोष्टीला ते अडत ती आम्ही वहीत लिहीत असू: मुद्रण कसे करायचे, पेन ड्राइव्ह कसा सोडवायचा, फाइल कुठे जाते. ती वही आता चाळीस पानांची झाली आहे, तिचे अक्षर त्यांचे आहे, आणि नव्या कार्यकर्त्याला ती तेच शिकवतात.

अडचणी मी लपवणार नाही. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम विंडोजसाठीच आहे. डिजिटल सहीची यूएसबीत लावायची किल्ली काही सरकारी कामांत लिनक्सवर त्रास देते. म्हणून आम्ही तीनपैकी एका यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवल्या आहेत. विंडोजने चालू केले की ते इंटरनेटवर अगदी गरजेपुरतेच जाते. सगळे एका दिवसात बदलले पाहिजे, असा हट्ट धरणारा शेवटी काहीच बदलत नाही.

साथींनो, मी फार मोठी मागणी करत नाही. आपापल्या गावी परत गेल्यावर कचेरीतले एक जुने यंत्र निवडा. दोन माणसे नेमा, एक तरुण आणि एक ज्येष्ठ. एक वही ठेवा. प्रथम प्रती काढा, मग पेन ड्राइव्हवरून महिनाभर चालवून पाहा आणि मगच बसवा. जमले तर ती वही शेजारच्या गावच्या साथींना द्या. नाही जमले तर का नाही जमले ते तिच्यात लिहून द्या. त्याचाही उपयोग होईल.

त्या सफाई कामगाराच्या पत्नीचा दावा अजून चालू आहे. त्याची पुढची तारीख आज आमच्या तिन्ही लॅपटॉपांवर आहे, बाहेरच्या दोन डिस्कांवर आहे, सचिवांच्या वहीत आहे, आणि हो, त्या बाईंच्या पदराच्या गाठीतही आहे. ती गाठ त्यांनी सोडू नये असे मीच त्यांना सांगितले आहे.

लाल सलाम.